दाजींच्या मोटारीचा घसा

माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या, यजमानांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू होत्या: घोडे, आणि अजून घोडा न झालेल्या. आम्ही त्यांना दाजी म्हणत असू. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायचा तर दाजींना सोबत न्यावे, अशी नंदुरबारात रीतच पडून गेली होती. जनावराच्या तोंडात हात घालून ते त्याचे वय सांगत, आणि मालकाशी चार वाक्ये बोलून मालकाची नियत. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की घरी नवी खुर्ची आली तरी बसण्याआधी ते तिचे चारी पाय खालून वर चाचपून पाहत. माझ्या लग्नाच्या बोलणीत मुलीकडच्यांनी त्यांचे मत विचारले, तेव्हा मला आपादमस्तक न्याहाळून ते म्हणाले, "चाल साधी शे, पन बुजत नही." सोयरीक तेवढ्यावर जमली.

पन्नाशीला गुडघे रिकिबीत पाय घालू देईनात, तेव्हा त्यांनी एका साहेबाची जुनी, कापडी टपाची मोटार घेतली. चढ आला की ते पुढे झुकत, उतार आला की मागे रेलत, आणि वळणावर हॉर्न सोडून तोंडाने चुचकारत. नवापूरला जाऊन आले की बॉनेट उघडून तिला चांगली वीस मिनिटे वारा खाऊ देत. तोवर स्वतः चहाला शिवत नसत. अक्का म्हणे, "मोटारले पानी पाजा, मंग आपन जेवा. बायको काय, खुटाले बांधेलच शे."

युद्धात पेट्रोलवर कुपने आली आणि मोटार गोठ्यामागच्या पत्र्याच्या छपरीत गेली. मी जिनिंगच्या कोठारावर कारकून होतो. कोणती वस्तू कशी ठेवावी हा माझा धंदाच, म्हणून मी दाजींना यादी लिहून दिली: टाकी रिकामी करणे, कार्ब्युरेटर रिकामा करणे, चाके विटांवर घेणे. दाजींनी यादी वाचली, घडी करून टोपीत ठेवली, आणि खानदेशात धान्य ठेवतात तशी मोटार ठेवली. गाद्यांत कडुनिंबाचा पाला भरला. तुरीला चोळतात तसे एरंडेल अंगभर चोळले. उरलेले अर्धा शेर एरंडेल कार्ब्युरेटरमध्ये ओतले, कारण तो तिचा घसा, आणि घसा कोरडा पडू नये.

चार वर्षे ती तशीच उभी राहिली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. अक्काला म्हशीसाठी छपरी हवी होती आणि तापीकाठच्या एका केळीवाल्या पाटलांना रबरी चाकांची बैलगाडी करायची होती. त्यांना मोटारीची चाके आणि आस पाहिजे होता. अक्काने शब्द देऊन टाकला. शुक्रवारी पाटील बैल लावून मोटार ओढत नेणार असे ठरले.

सोमवारी सकाळीच दाजी माझ्या दारात उभे. "शालकबुवा, शुक्रवारना आत ती चालाले जोयजे."

गाडी चालती करून वाचवायची आहे हे मी ओळखले, आणि तेरा कलमांची यादी केली. टायरांत हवा, टाकीत कुपनावरचे दोन गॅलन पेट्रोल, ही कलमे पटापट झाली. सातव्यावर अडलो. हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला पाजणारा तो पितळी डबा उघडला, तर आत एरंडेलाची लाख झालेली. तीत बुचाचा तरंगा गुळातल्या मुंगळ्यासारखा रुतून बसला होता. रॉकेलमध्ये दिवसभर भिजवले, काही फरक नाही. सोड्यात उकळले, तेव्हा थोडे सुटले. मग दाजींनी घोड्यांच्या औषधांच्या पेटीतून एक बाटली काढली. मोलगीकडची पहिल्या धारेची मोहाची, पोटशुळावर घोड्याला पाजायची. माळकरी माणूस, त्यांनी नाक उपरण्याने बांधले आणि सगळी बाटली परातीत ओतली.

"आते मोटारले दारूबी पाजतस का?" अक्काने विचारले.

"पाजत नही, गुळन्या करी ऱ्हायना."

गुरुवारी दुपारपर्यंत पितळ चकाकू लागले. राहिले पेट्रोलचे बारीक छिद्र. मी टाचणी काढली, तर दाजींनी मनगट धरले. "टोचू नका. भोक मोठं व्हयनं का ती अधाशी व्हई." त्यांनी घोड्याच्या शेपटीचा एक केस काढला, दोऱ्यासारखा ओवला आणि डोळे मिटून हळूहळू मागेपुढे ओढत बसले. तासाभराने छिद्र डोळ्याला लावून मला म्हणाले, "देखा." पलीकडे आकाश दिसत होते.

शुक्रवारी कार्ब्युरेटर जागेवर बसतो न बसतो तोच पाटील बैलजोडी आणि गडी घेऊन हजर झाले. मी हँडल मारत होतो.

"काका, बैल जुपू का?" पाटलांनी विचारले.

"थांबा भाऊ. ती उठी ऱ्हायनी."

सातव्या फेऱ्याला मोटार खोकली. निळ्या धुराचा एक लोट निघाला, कोंबड्या पत्र्यावर चढल्या, बैल दावे तोडून बाजारपेठेच्या दिशेने गेले आणि गडी त्यांच्यामागे. मग इंजिन सुरात चालू लागले. मी घाम पुसत पाटलांना म्हणालो, "आता कशी द्यायची? चालती झाली की."

दाजींनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी घोड्याला उलटे खोगीर घातले आहे. "द्यानी तर शे. तुमनी बहीननी शब्द दिन्हा शे."

"मग हे चार दिवस कशासाठी?"

"आपलं जनावर दुसराना दारमा वढाई जावाले नको," ते म्हणाले. "आपला पायवर जावाले जोयजे."

अक्का आत गेली ती हळदीकुंकू घेऊन बाहेर आली. चार वर्षे जिला तिने अडगळ म्हटले, तिच्या बॉनेटवर तिने बोट टेकवले आणि पदर सावरत बाजूला झाली. पाटील दाजींशेजारी बसले, दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून. फाटकापाशी दाजींनी चुचकारल्याचा आवाज आला, आणि मोटार वळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते परतले, कुणाच्या तरी कापसाच्या गाडीतून. अक्काने घंगाळात पाणी काढले, शेजारी साबण ठेवला. दाजी ओट्यावर बसले, दोन्ही तळवे नाकाशी नेले आणि त्यांना लागलेला पेट्रोलचा वास घेतला.

"पाय धवस," ते म्हणाले. "हात आज ऱ्हाऊ दे."