रेकॉर्ड धुवायला कोणती मोटर?

वडील अमरावतीचं घर सोडून माझ्याकडे अकोल्याला राहायला आले, तेव्हा सामानात कपड्यांची एक बॅग आणि रेकॉर्डच्या दोन पेट्या होत्या. नजर अधू झाल्यामुळे त्यांचं पेपर वाचणं सुटलं होतं. म्हणून मी जुना प्लेअर दुरुस्त करून आणला आणि पहिली रेकॉर्ड लावली. खरखरीमध्ये गाणं पार बुडून गेलं. पेट्या कित्येक वर्षं माळ्यावर होत्या. रेकॉर्डच्या रेघांमध्ये धूळ आणि बुरशी बसली होती, आणि कापडाने पुसलं की ती आणखीच आत जायची.

शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे वस्तू विकत आणण्याआधी करून बघायची मला खोड आहे. लाकडी पाटावर फिरती चकती बसवायची, तिच्यावर रेकॉर्ड ठेवायची, साबणाचं पातळ पाणी सोडायचं आणि वरून मऊ ब्रश धरायचा, एवढंच यंत्र. अडलं ते मोटरपाशी.

आधी बंद पडलेल्या मायक्रोवेव्हमधली ताटली फिरवणारी मोटर काढली. ती हळू फिरायची, पण ब्रश टेकला की थांबायची, आणि पुन्हा सुरू केली तर कधी उलटीच निघायची. मग टेबलफॅनची मोटर लावली. तिने साबणाचं पाणी भिंतीवर आणि वडिलांच्या सदऱ्यावर उडवलं. रेग्युलेटरने वेग कमी केला, तर ती नुसती गुणगुणत तापायला लागली.

"रेकॉर्ड धुऊन राहिली का मले?" वडील सदरा झटकत म्हणाले.

तीच मोटर घेऊन मी जठारपेठेजवळच्या वाइंडिंगच्या दुकानात गेले. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटरी तिथे दुरुस्तीला येतात. मिस्त्री खुर्चीत बसून आकडे म्हणत होते आणि त्यांची बायको तांब्याच्या तारेचे वेढे भरत होती. दोन वर्षांपूर्वी त्यांचे हात थरथरायला लागले, तेव्हा ती हे काम शिकली. तार ती ओवते, वेढे ते मोजतात. माझ्यापुढे उभ्या असलेल्या गिऱ्हाईकाने विचारलं, "मिस्त्री कोन हाय?" तिने मान वर न करता सांगितलं, "मीच. बसा."

माझी पाळी आली तेव्हा मी सगळं सांगितलं. मला वाटलं, ती वेग विचारेल. तिने तळहात पुढे केला.

"ब्रश किती दाबता? दाबून दाखवा इथं."

मी दाबलं. तिने मान हलवली. "ताई, पंख्याच्या मोटरले हवा ढकलाची सवय. तुमाले हळू पायजे, पन जोर पायजे."

"कूलरची झडप फिरवते ते दे," मिस्त्री म्हणाले.

"ते नाई पुरत. दाबलं का बसते."

मिस्त्रींनी फळीकडे बोट केलं. "मंग वायपरची."

"तेच शोधून राहिली मी."

फळीवरच्या डब्यातून तिने भंगारात गेलेल्या ट्रकची वायपर मोटर काढली. काचेवरचं पाणी रेटायची तिची ताकद, आत दात्यांची चाकं. बॅटरीची पूर्ण वीज न देता कमी दिली की ती आणखी सावकाश फिरते, असं तिने समजावलं आणि तारा जोडल्या. "धरा मुठीत. थांबवून पाहा." मी दांडा घट्ट धरला. मोटरने माझं मनगट सावकाश वळवत नेलं, आणि मला हसूच आलं.

रविवारी दोघं घरी आली. मोटर घरघरत होती, म्हणून तिने पाटाखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावले. ब्रश तिनेच धरला. मिस्त्री सवयीने चकतीचे फेरे मोजायला लागले, आणि विसाव्या फेऱ्याला वडिलांनीच बटण बंद केलं. वाटीतलं पाणी काळं झालं होतं. रेकॉर्ड पुसून, वाळवून लावली. खरखर पुरती गेली नव्हती, पण तिच्यातून गाणाऱ्या बाईचा आवाज मोकळा वर आला. वडील प्लेअरकडे कान करून बसले होते. "मागं सारंगी हाय," ते हळूच म्हणाले. "मले इतकी वर्सं मालूमच नव्हतं."

तेव्हापासून मंगळवारी दुपारी मिस्त्री आमच्याकडे येतात. ते फेरे मोजतात, वडील ब्रश धरतात. पहिली पेटी धुऊन झाली आहे.

हे ऐकून वडिलांच्या अमरावतीच्या एका मित्राने स्वतःसाठी तसंच यंत्र मागितलं. ते मिस्त्रींची बायको एकटीच करते आहे. या वेळी वायपरपेक्षा कमी आवाजाची मोटर मिळाली म्हणे. कोणती, ते मी फोनवर विचारलं.

"फोनवर काय सांगू? दुकानात या," ती म्हणाली. "हात लावून पाहा."