बसचं, भजनाचं, दवाखान्याचं

अक्का माणसाच्या तोंडाकडे आधी बघायच्याच नाहीत. आधी कोपर बघायच्या. सरस्वतीपुरमच्या बसस्टॉपवर आमची पहिली भेट झाली तीही अशीच. ओळख ना पाळख, माझी बाही धरून त्यांनी उलटी केली, डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाल्या, "कुणी विणलंय हे? हात छान आहे. पण इथून गेलं बघ. उद्या घरी आणून दे." मावशीनं विणलेला स्वेटर होता तो. मी विचारलं, "तुम्ही कोण?" तर "पलीकडच्या क्रॉसमध्ये, त्या गल्लीत राहते" एवढं म्हणून बाई बसमध्ये चढल्यासुद्धा.

म्हैसूरची थंडी ती केवढी, असं तुम्ही म्हणाल. डिसेंबरात पहाटे फिरायला निघालेली इथली पेन्शनर मंडळी तुम्ही बघितलेली नाहीत. माकडटोपी, मफलर, वर शाल. त्यातल्या निम्म्यांच्या अंगावर कुठे ना कुठे अक्कांचा टाका असायचा.

स्वतःचं म्हणाल तर त्यांचं एक विणकाम कधी नसायचंच. बसचं वेगळं, ऑफिसचं वेगळं, भजनाचं वेगळं, दवाखान्याचं वेगळं. प्रत्येकाची कापडी पिशवी वेगळी. बसमधलं भजनाला काढलेलं चालायचं नाही. मला वाटायचं, हा काहीतरी सोवळ्याओवळ्यातला प्रकार असणार. विचारलं तर माझ्यावरच डाफरल्या. "अगं, बसमध्ये धक्के बसतात, हात घट्ट पडतो. विठ्ठलाच्या देवळात बसलं की सैल पडतो. दोन्ही एकात घातलं तर पोटाशी एक माप, छातीशी दुसरं. कोण घालणार असलं, अल्वा, खरं की नाही?"

त्यामुळे पिशव्या बघितल्या की अक्कांचे दिवस कसे चाललेत ते आम्हाला कळायचं. बायकांना बस फुकट झाली, बसायला जागा मिळेना, तेव्हा बसचं विणकाम अडलं. काही दिवस बाई नुसत्या धुसफुसत होत्या. मग खांबाला पाठ लावून उभ्यानं विणायला लागल्या. कंडक्टर ओरडला, "अम्मा, सुई लागेल कुणाला!" तर म्हणाल्या, "मफलर काढ तुझा. भोक पडलंय." त्यानं मफलर काढून दिला.

स्वस्थ बसणं त्यांना जमायचंच नाही. "सुम्ने, नुसतं बसवत नाही गं मला," म्हणायच्या. फोनवर बोलतानाही दुसऱ्या हातानं पडद्याचे निघालेले धागे चाचपत असायच्या. त्यांच्याजवळ बसलं की आपलेही हात वळवळायला लागत.

एकदा मात्र मी कडाडून भांडले. माझ्या भाचीच्या बाळासाठी पिवळा स्वेटर निम्मा झाला होता. एक दिवस बघते तर सुया रिकाम्या! फुलवाल्याच्या टोपीला तीच लोकर जुळत होती म्हणून बाईंनी तो उसवला होता. मी म्हटलं, "अक्का, बारसं तोंडावर आलंय, काही वाटतं का तुम्हाला?" त्या शांतपणे टाके घालत म्हणाल्या, "अय्यो, बाळाला काय कळतंय? त्या टोपीवर फुलवाल्याच्या आईचा हात आहे. ती येणारे का परत विणायला?" बाळ चालायला लागल्यावर स्वेटर मिळाला. बसला छान, हे मला कबूल करावं लागलं.

या एकाचं काढून दुसऱ्याला लावण्याचा खरा जाच होता तो भावोजींना, म्हणजे अक्कांच्या यजमानांना. त्यांचे पूर्वज राजाच्या घोडदळातले. स्वतः भावोजी सायकलवरूनही पडलेले, पण बसायचे ताठ. अंगात कायम एकच राखाडी स्वेटर, लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत अक्कांनी विणलेला. "गावाला नवे आणि मला ठिगळं!" असं ते येईल त्याला ऐकवायचे.

त्यांच्या किडन्या गेल्या आणि दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. तिथला एसी हाडं गोठवणारा. तेव्हा अक्कांनी त्याच स्वेटरची उरलेली राखाडी लोकर ट्रंकेतून काढली आणि दवाखान्याची पिशवी भरली. भावोजी खूश. आपल्याला नवा स्वेटर! पण ते विणकाम चार बोटं वाढायचं, तोवर जुन्याचं कोपर विरायचं, की अक्का नव्यातलं तीन बोटं उसवून जुन्याला लावायच्या. मी म्हटलं, "मग विणता कशाला? लोकरीचा गुंडाच ठेवा जपून." म्हणाल्या, "आणि चार तास तिथं हातांनी करू काय? डोकं फुटेल माझं."

"एकदा नवा करून टाका की त्यांना," असं मी फारच लावून धरलं, तेव्हा त्यांच्या सुया थांबल्या. "नवा झाला की हा टाकतील. हा टाकायचा नाही. मला भीती वाटते गं," म्हणाल्या. एवढी खमकी बाई, आणि डोळे भरून आलेले.

आम्ही सगळे भावोजींकडे बघत राहिलो, आणि गेल्या अक्का. हार्ट अटॅक. सकाळी दूध तापवत होत्या, गॅस तसाच चालू राहिला. मला इतका राग आला, कुणाचा ते विचारू नका. भजनाची पिशवी भजनाच्या बायकांनी नेली, ऑफिसची ऑफिसातल्यांनी. बसची मी घेतली. दवाखान्याची पिशवी खुंटीवर राहिली.

भावोजींनी डायलिसिसला जायचंच सोडलं. रिक्षा दारात येऊन परत गेली. मुलगी बंगळूरहून आलेली, ती रडली, हातापाया पडली. मी तोंडाला येईल ते बोलले. ते एकच शब्द बोलायचे, "साकू." म्हणजे पुरे. पाय सुजले, दम लागायला लागला. मुलीनं आणलेला कोरा स्वेटर खुर्चीवर तसाच पडला होता.

मग एका सकाळी मुलीच्या खांद्याचा आधार घेत ते माझ्या दारात उभे. एका हातात जुना स्वेटर, दुसऱ्यात दवाखान्याची पिशवी. कोपर पार फाटलेलं.

"तेवढं लावून दे," म्हणाले. "दुपारी जायचंय. तिथं थंडी वाजते मला."

मी पिशवी उघडली. सुईवर अक्कांची अर्धी ओळ तशीच होती. माझा हात पुढे होईना. "भावोजी, हे राहू दे. मी दुसरी लोकर लावते. रंग वेगळा दिसला तर दिसला."

त्यांनी सुई ओढून काढली आणि दोन्ही हात पुढे धरले, लोकर गुंडाळायला. मी उसवायला लागले. अक्कांचा दवाखान्यातला हात सगळ्यांत घट्ट, धागा टाक्याटाक्याला अडकत होता. भावोजींचे हात भरून आले होते. खाली घ्या म्हटलं तरी घेईनात. दोन बोटं उसवलं असेल, तोच ते म्हणाले, "बस. कोपरापुरतंच काढ. बाकीचं पुढं लागेल मला."

मुलगी तोंडाला पदर लावून आत गेली. मी चष्मा पुसला आणि उघडे पडलेले टाके एकेक करून परत सुईवर चढवले.