प्रार्थनेची विनंती

भूगावात आमची ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी. रविवारी चर्चला पुण्यात जायचं, आणि लेंटमध्ये, म्हणजे इस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत, दर शुक्रवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा. या दिवसांत कुणी मटण सोडतं, कुणी साखर. मी दरवर्षी चहा सोडते आणि सगळ्यांवर खेकसत सुटते. घरचे हात जोडतात, "बाई, तू चहा घे, उपास आम्ही करतो."

त्या वर्षी मुलगी माहेरी आली होती. सुट्टीला आलेय, असं तिने सगळ्यांना सांगितलं. खरं काय ते मला एकटीला सांगितलं. ती नवऱ्याकडे परत जाणार नव्हती. "त्याच्याशी मी स्वतः समोर बसून बोलेन. तोवर कुणाला कळता कामा नये, आई." मी तिच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं.

आठ दिवस कसेबसे काढले. मग राहवेना. जवळच्या नांदे गावातल्या माझ्या मैत्रिणीला सांगितलं. आम्ही दोघी रोज सकाळी फोनवर एकमेकींसाठी प्रार्थना करायचो. "लई जड हाय गं," ती म्हणाली, "पर माझ्या तोंडून न्हाई जायचं कुटं."

पुढचा शुक्रवार आमच्या घरी होता. हॉलमध्ये सतरंज्या घातल्या होत्या, मुलगी आत ओट्यापाशी सरबत करत होती. गीतं झाली, बायबलमधलं वचन वाचून झालं, आणि पाळकांनी विचारलं, कुणाच्या प्रार्थनेच्या विनंत्या? नांद्याहून आलेल्या माझ्या मैत्रिणीने डोळे मिटले. "प्रभू परमेश्वरा, ह्या घरची लेक नवऱ्याला सोडून आलीया, तिचा संसार पुन्यांदा जुळव..." एक जण आमेन म्हणाला, मग सगळेच म्हणाले. प्रार्थनेच्या मध्ये कुणाचं तोंड कसं धरणार? आमच्यात गुपित फोडून वर पुण्य मिळवायची ही एकच सोय आहे. मी डोळे सताड उघडे ठेवून मैत्रिणीकडे बघत होते. ती खरोखर रडत होती, त्याचा मला जास्त संताप आला.

आमच्यात सगळेच एकमेकांचे पाहुणे, बातमी रातोरात पोचली. सकाळी विहीणबाईंचा फोन आला, पाठोपाठ जावयाचा. जे समोर बसून शांतपणे बोलायचं ठरवलं होतं, ते मुलीला फोनवर शिव्या ऐकत बोलावं लागलं.

मी मैत्रिणीला नको नको ते बोलले. ती म्हणे, "देवालाच सांगितलं की मी!" देवाला सांगायला माझा हॉल कशाला लागतो? यहूदानेही येशूला मुका घेऊनच धरून दिलं होतं, असं म्हणून मी फोन आपटला. वळले तर मुलगी दारात उभी.

"मावशीला मी सांगितलं नव्हतं, आई."

लेंट हा दुसऱ्याचं पाप मोजायचा नव्हे, आपलं मन झाडून काढायचा काळ, असं मी संडे स्कूलच्या पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं. चाळीस दिवस चहा सोडता आला मला. लेकीचा शब्द आठ दिवसांपलीकडे धरता आला नाही.

आता ती लवळ्याला कॉलेजात नोकरी करते, तिथेच राहते. रविवारी येते. भाजीचं बोलते, कामाचं बोलते. मनातलं विचारलं की म्हणते, "सगळं ठीक आहे." मैत्रिणीशी मी अजून बोलत नाही. परवा मुलीकडूनच कळलं, ती बोलते तिच्याशी. तिला म्हणे कधीच माफ केलं. माझ्याबद्दल ती काही म्हणाली नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही.