काळ्या कापसाचा प्रश्न

मी आज जो काही आहे तो वणीच्या भाऊंमुळे. भाऊ करसल्लागार होते, माझे नातेवाईक नव्हेत. मी मारेगावचा, घरातला पहिला पदवीधर. पण कायदा शिकलो तो कॉलेजात नव्हे, त्यांच्याकडे काम करताना, त्यांच्या टेबलापाशी.

कलम वाचताना ‘परंतु’ आला की भाऊ चष्मा काढून ठेवत. “थांब. आता सरकारनं देलेलं सरकारच वापस घेऊन राह्यलं.” कराचं काम घेऊन समोर बसलेला ट्रकमालक हसे. मग भाऊ ते कलम त्याला वऱ्हाडीत समजावत आणि त्याच्याकडून वदवून घेत. तो अडखळला तर म्हणत, “तुयी चूक नाही गा. लिहिणाऱ्यालेच समजलं नसन.”

मला मात्र सूट नसे. “काहून रे, ग्रॅज्युएट झाला न? मंग सोपं करून सांग.”

पुढे मी नागपूरला प्राध्यापक झालो. सार्वजनिक वित्त शिकवू लागलो.

ती कापसाची वाईट वर्षं होती. तुम्ही वणीच्या रस्त्याने गेला असाल तर पाहिलं असेल, कोळशाचे ट्रक जातात आणि कडेचा फुटलेला कापूस काळवंडतो. व्यापारी तो मुठीत चोळतो आणि बाजूला टाकतो. त्याच सुमारास कोळशावर उपकर लागला. प्रदूषण करणाऱ्याने भरावं, हे तत्त्व मला फार पटलं. एका चर्चासत्रात मी त्यावर निबंध वाचला.

शेवटच्या रांगेत भाऊ बसले होते. न कळवता, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. प्रश्नांच्या वेळी उभे राहिले.

“सर,” म्हणाले. मला! “कर कोळशावर लागला, आन विजेच्या बिलातून आपल्यावरच आला. मंग ज्याचा कापूस काळा झाला त्याले यातलं काय भेटन? कोन्त्या कलमात हाय?”

कोणीतरी हसलं. शेजारून विभागप्रमुखांनी विचारलं, “कोण हे? तुमच्या ओळखीचे?”

“नाही,” मी म्हणालो. माइक चालू होता.

भाऊ “बरं, सर” म्हणून बसले. चहाच्या सुट्टीत ती खुर्ची रिकामी होती.

मला उत्तर येत नव्हतं, याची लाज नाही. ते माझ्या घरची भाषा बोलले, म्हणून मी त्यांना नाकारलं. त्यानंतर दोन वर्षं वणीला जायचं धाडस झालं नाही. शेवटी पत्र लिहिलं.

“भाऊ, साष्टांग नमस्कार. उपकराचा कायदा आणि नियम पुन्हा वाचले. तुम्ही विचारलेलं कलम त्यात नाही. हे मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. त्याआधी सांगायला हवं होतं की तुम्ही माझे गुरू आहात. माफी मागायला तोंड नाही. हे पत्र आधी विभागप्रमुखांना वाचायला दिलं, मग टपालात टाकतो आहे.”