कोण राहिलं?

सॅम्युएलमामांना अख्खं शिरूर मामा म्हणायचं, आणि लग्नपत्रिकेत त्यांच्याकडून हटकून छापायचा राहायचा तो मामाच. त्यांचं डीटीपीचं दुकान माझ्या छापखान्यासमोर. पत्रिका ते कॉम्प्युटरवर जुळवायचे आणि छापायचो मी, नबीलाल. त्यामुळे निम्म्या शिव्या मला पडायच्या.

दोन हजार सालच्या उन्हाळ्यात त्यांनी एका नवरीच्या मामाचंच नाव गाळलं. मल्हारी नावाचे ते मामा मांडवात शिरेनात. समोरच्या रसवंतीत ग्लासावर ग्लास रिचवत बसले. नवरीला बोहल्यावर आणायचं तर मामाच हवा! मुहूर्त टळून गेला. शेवटी सॅम्युएलमामांनी पाया पडून त्यांना मांडवात आणलं.

त्यानंतर चार दिवस मामा कॉम्प्युटरपुढून उठले नाहीत. पाचव्या दिवशी मला हाक मारली आणि पत्रिकेच्या फाइलवर माउसचं उजवं बटण दाबलं. एरवी तिथं कंपनीनं दिलेले इंग्रजी शब्द यायचे. मामांनी फोल्डर ऑप्शनमध्ये शिरून, फक्त पत्रिकांच्या फाइलींपुरते, स्वतःचे शब्द घातले होते. अक्षरं इंग्रजी, भाषा आपली: ‘उघड’, ‘कोण राहिलं?’, ‘आता छाप’. शेवटच्या शब्दांवर दाबलं की मला छापायला द्यायची प्रत प्रिंटरमधून निघायची, आणि मधल्या शब्दांवर दाबलं की यादी उघडायची. नवरीचे मामा, नवऱ्याचे मामा, चुलते, आत्याचे यजमान, शेजारचे आप्पा.

“यंत्र हाय नबीलाल. मी शिकवीन तेवढंच करतंय. सोताचं डोकं न्हाई त्याला.”

“मग मालकावर गेलंय,” मी म्हणालो. त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

पण युक्ती चालली. पाबळ-वरवंडची माणसं यायची, यादी वाचता वाचता कुणाला विसरलेला काका आठवायचा, आणि मामांची छाती फुगायची. बायकोला, प्रेमाबाईंनाही त्यांनी हे सगळं शिकवलं. चर्चच्या मीटिंगला मामा गेले की दुकान त्या बघायच्या. शिकवताना मामा इतके ओरडायचे की बाई शिकल्या हेच नवल.

पुढच्या वर्षी मामांच्या मुलीचं, जस्मिनचं लग्न ठरलं. पत्रिका अर्थातच मामांनी जुळवली. मी वाचली. सगळे होते, फक्त मामांचा सख्खा थोरला भाऊ, दौंडचा दावीद, नव्हता. अकरा वर्षांपूर्वी दावीदनं वडिलांच्या कबरीवर दगड बसवला आणि त्यावर मुलगा म्हणून एकट्याचंच नाव कोरलं. तेव्हापासून बोलणं बंद. मला मामांचा रागच आला. साऱ्या गावाला विचारायचं, कोण राहिलं, आणि आपल्या घरात विचारायचं नाही?

“ह्यात चुलते न्हाईत, मामा,” मी म्हणालो.

“न्हाईतच. छापायची हाय, वाचून दाखवू नको.”

त्यांनी फाइलवर उजवं बटण दाबलं. ‘उघड’. ‘कोण राहिलं?’ बस्स. ‘आता छाप’ गायब. पुन्हा दाबलं, चष्मा पुसून दाबलं. नाहीच.

“मी काढलं,” प्रेमाबाई मागून म्हणाल्या. “दगडावर तुमचं नाव राहिलं तवा दोन दिस जेवला न्हाई तुम्ही. आन् आता थोरल्या भावाला तसंच ठिवता व्हय?”

ते परत घालायला मामांना दोन मिनिटं पुरली असती. मी बघत होतो. मामांचा हात माउसवर तसाच राहिला. मग त्यांनी ‘उघड’ दाबलं, आणि निमंत्रकांच्या ओळीत, स्वतःच्या नावाच्या वर, दावीदचं नाव टाइप केलं. माझा राग कुठल्या कुठं गेला.

पत्रिका द्यायला दौंडला जाताना मला सोबत नेलं. एकट्यानं जायचा धीर नव्हता, कबूल कोण करणार! दावीदनं दारातच पत्रिका उघडली. वाचता वाचता त्याचं बोट निमंत्रकांवर थांबलं.

“माझं नाव पयलं टाकलंस?” त्यानं विचारलं.

“मी न्हाई,” मामा पायातल्या चपलेकडं बघत म्हणाले. “कॉम्प्युटरनं टाकलं. सोताचं डोकं हाय त्याला.”