नार्थंबरची हवा

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका परगण्याची हवा तोंडपाठ असलेला असा एकच माणूस आमच्या अख्ख्या वसई तालुक्यात होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. माझ्या बायकोचे मामा. भाईंदरच्या खाडीपलीकडे ते फारसे कधी गेले नव्हते. पण नॉर्थंबरलंडात, म्हणजे त्यांच्या भाषेत 'नार्थंबरात', नाताळच्या सुमारास सूर्य साडेआठला उगवतो आणि पावणेचारला मावळतो, हे ते बंदरावरची भरती सांगावी तितक्या बिनचूकपणे सांगत. तिथं जूनमध्ये रात्री दहाला दिव्यावाचून पेपर वाचता येतो, हेही. स्वतः मामांना पेपर वाचता येत नसे. ती अडचण माझी होती.

मी प्राथमिक शाळेतला मास्तर. आठवडाभर चौथीच्या पोरांवर ओरडून घसा बसलेला, आणि रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की पाचूबंदराहून मामा हजर. मामांची एकुलती एक मुलगी रोझा नर्स होऊन आणीबाणी उठली त्या वर्षी तिकडे गेली होती. तीन वर्षांत परत येते म्हणाली होती. मामी आधीच गेलेल्या. घरात मामा एकटे, आणि अक्षरओळख बेताची. म्हणून पत्र वाचायला भाचेजावई, उत्तर लिहायलाही जावई, आणि इंग्लंडातल्या थंडीची सगळी जबाबदारीसुद्धा जावयाचीच.

पत्र यायचं ते निळ्या रंगाचं, पोस्टाच्या भाषेत हवाईपत्र. इथंच सगळा घोळ झाला. मामांची ठाम समजूत अशी की, ज्यावर हवा लिहायची ते हवाईपत्र. विमानाचा आणि हवेचा संबंध मी त्यांना तीनदा समजावला. तिन्ही वेळा त्यांनी माझ्याकडे, पगारी मास्तराला एवढंही कळू नये, अशा करुणेनं पाहिलं. "हवाई म्हनजे हवेचं. मग दुसरं काय लिव्हायचं त्यावर?" आमच्याकडून जाणाऱ्या पत्रात मामा मला खारा वारा किती वाजता सुटला, जमिनीवरचा मतलई वारा किती दिवस टिकला, विहिरीचं पाणी किती खाली गेलं एवढंच सांगत. बाकीचं लिहू लागलो की माझं पेन धरून थांबवत. पोरगीही बापाचीच. तीसुद्धा पानभर हवा लिही. तिला तिथं मैत्रीण आहे की नाही, रात्रपाळी सोसते की नाही, हे आम्हाला आठ वर्षांत कळलं नाही. पण समुद्रावरून भर उन्हाळ्यात धुकं कसं चालत येतं, आणि पलीकडच्या डोंगरावर एप्रिलपर्यंत बर्फ कसं टिकतं, ते इत्थंभूत कळलं.

बर्फ या विषयावर तर मामांशी बोलायची सोय नव्हती. त्यांची उभी हयात बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात गेलेली. होड्यांना लाद्या पुरवायच्या, फोडून मासळीवर घालायच्या. बर्फ म्हणजे भुशात गुंडाळलेली चौकोनी लादी, हा त्यांचा सिद्धान्त. त्यामुळे रोझाच्या पहिल्या पत्रातलं "काल आभाळातून खूप बर्फ पडलं" हे वाक्य मी वाचलं, तेव्हा मामा ओट्यावरून ताडकन उठले. "डोक्यात लादी बसली म्हनजे पोरीच्या?" मी सांगितलं, मामा, ते कापसासारखं भुरभुर पडतं. मामा जरा वेळ विचार करून म्हणाले, "मग ते बर्फ नाय. तो कच्चा माल हाय."

पण खरा भडका उडाला तो मिठावरून. बर्फ वितळावं म्हणून इथले लोक रस्त्यावर मीठ टाकतात, असं तिनं एकदा लिहिलं. झालं. मासळी जास्त गार राहावी म्हणून बर्फात मीठ कालवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला हा साहेबाचा शुद्ध वेडेपणा वाटला. "मीठ घातलं की थंडी वाढते, मास्तर! पोर म्हनते थंडी सोसवत नाय, आनि हे गाढव रस्त्यावर मीठ पेरतात!" त्यांनी मला तिथल्या म्युनिसिपालटीला पत्र लिहायला बसवलं. मजकूर असा: मीठ ताबडतोब थांबवा, भाताचा भुसा टाका, पाय घसरणार नाही. तपासायच्या वह्यांचा गठ्ठा बाजूला सारून मी ते इंग्रजीत लिहिलं, आणि पाठवल्याचं खोटंच सांगितलं. उत्तर आलं नाही म्हणून मामा पुढं वर्षभर माझ्या इंग्रजीला दोष देत होते.

मे महिन्यात आमच्या अंगणात घामाच्या धारा लागलेल्या असताना मामा गळ्याला मफलर गुंडाळून येत. का, तर पंधरा दिवसांपूर्वीच्या पत्रात तिकडे गारठा होता. मी वैतागायचो. बायको डोळ्यांनी दटावायची. मग एका हिवाळ्यात रोझानं लिहिलं होतं की, दारापाशी गुडघाभर बर्फ साचलंय, नळ गोठलेत, रडू येतं. मी वाचता वाचता थांबलो. मामांच्या चेहऱ्यावर चक्क आनंद होता. "पडू दे," म्हणाले, "अजून दोन वर्सं असंच पडू दे. कंटाळून येते बघा पोर घरी." त्याच आठवड्यात त्यांनी नार्थंबरात थंडी वाढावी म्हणून मिस्सा लावायला मला सोबत घेऊन फादरना गाठलं. फादर माझ्याकडे बघू लागले. मी बुटांकडे बघू लागलो. म्हातारा आठ वर्षं हवा ऐकत नव्हता. पोर येणार की नाही, एवढंच ऐकत होता. आणि मी मात्र जांभया देत वाचत होतो, याची मला आजही लाज वाटते.

आठव्या वर्षी ऑगस्टात पत्र आलं ते निळं नव्हतं. पांढरं पाकीट होतं. मामा छत्री मिटून ओट्यावर बसले. मी वाचलं. रोझाची नोकरी कायम झाली होती. तिनं छोटंसं घर घेतलं होतं, मागच्या तुकड्यात बटाटे लावले होते. शेजारीण चांगली आहे. बाबा, तुम्हीच एकदा या ना. काळजी करू नका. संपलं.

"आनि हवा?" मामांनी विचारलं.

मी पान उलटलं. पुन्हा उलटलं. हवेचा एक शब्द नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, थोडी तरी थंडी हवी होती. मी कागदाकडे बघत म्हणालो, "लिहिलंय ना. फार बर्फ पडतंय म्हणते. सोसवत नाही म्हणते."

मामांनी छत्री बाजूला ठेवली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "मास्तर, आगष्टात नार्थंबरात बर्फ नाय पडत."

आतून बायको दारात येऊन उभी राहिली होती.

"वाजत नाय आता तिला थंडी," मामा म्हणाले. "बरं झालं. किती दिवस कुडकुडायचं पोरीनं?" आणि मग नेहमीसारखं, पेन घ्या अशी खूण करून: "लिव्हा. घराला उगवतीच्या बाजूनं खिडकी हाय का, विचारा. असली तर बुजवून टाक म्हनावं. त्या बाजूचा दर्याचा वारा लय वाईट."

मी लिहून घेतलं. अक्षर जरा बिघडलं, पण त्या दिवशी मामांनी नावं ठेवली नाहीत.