चिंचेने घासलेली रायफल

वडील गेले आणि त्यांची रायफल एका दिवसात बेवारस झाली. परवाना त्यांच्या नावाचा होता. पोलीस ठाण्यातून निरोप आला, महिनाभरात पेणच्या बंदुकीच्या दुकानात जमा करा नाहीतर विका. परवाना आईच्या नावावर होईल का, असं मी विचारलं तर हवालदार हसला. मी हसले नाही, आणि तो गप्प होईपर्यंत तिथून हललेही नाही.

आमचं गाव रोह्याच्या आतल्या अंगाला. भात कापलं की त्याच ओलीवर वाल पेरायचे, आणि शेंगा धरल्या की डुकरं यायची. नव्वद सालानंतर तर जास्तच येऊ लागली होती. आजोबांनी एका लाकडाच्या ठेकेदाराकडून घेतलेली ही जुनी विलायती रायफल होती. खटक्याखालची लोखंडी कडी खाली ओढून वर दाबली की पुढचं काडतूस आत जायचं, म्हणून गावात तिला ‘कडीची’ म्हणत. आता ती जाणार म्हणजे शेताला तारेचं कुंपण हवं. कुंपणवाल्याने दहा हजार सांगितले होते. रायफलीचे दहा आले नाहीत, तर वाल डुकरांच्या पोटात जाणार होते.

पेणला जायच्या आदल्या दिवशी मी कंपनीतून पहिली शिफ्ट संपवून घरी आले. ओटीवर रायफल चांदीसारखी चमकत होती. शेजारी चिंचेचा कोळ, विटेचा चुरा आणि काथ्या. आईने तांब्याचा हंडा घासावा तशी ती दुपारभर घासली होती.

“परक्याच्या घरी जायची हाय,” ती म्हणाली. “काळं तोंड घेऊन कशी पाठवू गो? तुझ्या बापाने हयातभर हात लावू दिला नाय.”

तो काळपट निळा रंग मळ नव्हता, कारखान्यात लोखंडावर चढवलेला मूळ मुलामा होता. वडील तेलाच्या फडक्याने तो टिपायचे, आणि दसऱ्यालासुद्धा हळदीकुंकू दस्त्याच्या लाकडाला लावायचे, लोखंडाला नाही. जुन्या हत्याराची निम्मी किंमत त्या काळेपणात असते, हे त्यांनी मला सांगितलं होतं. आईला कधी सांगितलं नाही. त्यांचा मला त्या दिवशी फार राग आला. आईला म्हटलं, छान झालीय.

दुसऱ्या दिवशी घोंगडीत गुंडाळलेली रायफल आणि पर्समध्ये ठाण्याचं पत्र घेऊन आम्ही एसटीत बसलो. कंडक्टरने पत्र दोनदा वाचलं, आणि वडखळ येईपर्यंत आमच्या आसपासची बाकडी रिकामीच राहिली. पेणला उतरल्यावर आई म्हणाली, तू जा पुढे, मी पोह्याचे पापड बघते. ती दुकानात आली नाही हे देवाचे उपकार.

दुकानदाराने घोंगडी उघडली आणि तोंड वाकडं केलं.

“कोणी केलं हे?”

“मी,” मी म्हटलं. त्या सगळ्या व्यवहारात मी तेवढंच खोटं बोलले.

तो म्हणाला, ताई, हे आता भंगार. काडतुसंही मिळत नाहीत. दोन हजार देतो, तेही तुमच्या वडिलांची ओळख म्हणून. भिंतीवर तशीच कडीची दुसरी टांगलेली होती, काळी कुळकुळीत, चिठ्ठीवर अठरा हजार. मी ती बघायला मागितली. बाईमाणसाला त्यातलं काय कळणार, अशा नजरेने त्याने ती दिली.

मी कडी उघडली, मागच्या बाजूला अंगठ्याचं नख धरलं आणि पुढून नळीत पाहिलं. नखावरून उजेड आत जातो, ही वडिलांची रीत. गोळीला पीळ देणारे आतले आटे झिजून गेलेले, जागोजागी गंजाचे खड्डे. मग आमची पाहिली. आटे शेवटपर्यंत स्वच्छ. त्याची कडी मिटल्यावरही डुगडुगत होती, आमची घट्ट बसत होती. त्याच्या दस्त्याला मुठीपाशी चीर, आमचा अखंड. कंपनीत मी दिवसभर नमुनेच तपासायचे, मला कोणी डोळे वटारून निकाल बदलायला लावू शकत नव्हतं.

“काडतुसं तुमच्या अठरा हजारवालीलाही मिळत नाहीत,” मी म्हटलं. “मुलामा गेला, ही आमची चूक. तिचे सहा हजार कापा. बाराच्या खाली नाही.”

तो हसला. मग मी म्हटलं, विकायची नाही, जमा करून घ्या. पण पावतीवर जिनसेची अवस्था लिहा: नळी स्वच्छ, कडी घट्ट, दस्ता अखंड, मुलामा घासलेला. तो म्हणाला, पावतीवर असलं काही लिहीत नाहीत. मी स्टुलावर बसले. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. त्यांनी काय झालं विचारलं, मी सविस्तर सांगितलं, दोन्ही नळ्यांसकट. तिसरं गिऱ्हाईक पायरी चढायला लागलं तेव्हा त्याने पेन काढलं. त्याच्या सहीनिशी ‘नळी स्वच्छ’ आल्यावर तिला भंगार म्हणायची त्याची सोय राहिली नाही. वाल पेरायच्या आधी त्याच्याकडूनच बारा हजार आले. कापलेले सहा मला कधीच खुपले नाहीत, ते न्याय्य होते.

कुंपण झालं. त्या वर्षी शेंगा आम्ही खाल्ल्या. आई अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, “दुकानदार दोन हजार देत व्हता. मी चिंचेने घासली म्हणून बारा आले.” गावातल्या एका जाणत्याने एकदा तिला खरं काय ते समजावून सांगायला तोंड उघडलं. मी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने पुढ्यातला चहा उचलला. मी त्या दुकानदाराला एक पैसा खोटा कापू दिला नाही. आईच्या बारा हजारांतलाही कोणाला कापू देणार नाही.